एका ‘नोटोरियस’ अर्जाची गोष्ट

काही महिन्यांपूर्वी आमच्या कार्यालयात एक अर्ज आला. सत्तरी तालुक्यातल्या एका गावातून, पंचवीस-सव्वीस वर्षांच्या मुलाचा. वडील सरकारी नोकरीत असतानाच वारलेले. आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनात काहीतरी घोळ होता, त्याबद्दल. अर्ज इंग्रजीत, दोन पानं, नीट टाईप केलेला. सुरुवातीलाच त्याने साहेबांच्या ‘बेनिग्न मॅग्नॅनिमिटी’ला हात घातला होता आणि पहिल्या परिच्छेदाच्या शेवटी आमच्या कार्यालयाला ‘युअर नोटोरियस ऑफिस’ म्हटलं होतं.

झालं! अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरू लागला. “आयक रे, आमचें ऑफीस नोटोरियस खंय!” कुणीतरी त्या शब्दाखाली लाल शाईने रेघ मारली. मोबाईलवर फोटो निघाले. चहाच्या वेळेपर्यंत सगळा मजला हसत होता. मीही हसलो, खोटं कशाला सांगू? (तसं बघायला गेलं तर तो शब्द अगदीच गैरलागू होता असंही नाही. पण ते असो.)

संध्याकाळी घरी जाताना बसमध्ये मात्र आजोबा आठवले.

माझे आजोबा पोर्तुगेज अमदानीत ‘एस्क्रितुरारियु’ होते, म्हणजे माझ्यासारखेच कारकून. घरी पंतोजींकडे मराठी शिकले, शाळेत पोर्तुगेज, सेगुंद ग्रावपर्यंत. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला तेव्हा ते तिशीत होते. कचेरी तीच, खुर्ची तीच, फायलीतली भाषा मात्र बघता बघता बदलली. त्या सुरुवातीच्या दिवसांत त्यांनी एका टिपणात आमच्या भागातल्या देवस्थानाचा उल्लेख ‘नोटोरियस टेंपल’ असा केला. त्यांच्या डोक्यात होता पोर्तुगेज ‘नोतोरियु’. त्याचा अर्थ सर्वांना ठाऊक असलेला, सर्वश्रुत. त्यात वाईट काहीच नाही. वरिष्ठांनी ते टिपण सगळ्यांदेखत मोठ्याने वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी आजोबांनी बाजारातून एक जाड वही आणली आणि पहिल्या पानावर पहिला शब्द लिहिला, ‘नोटोरियस’. त्या वरिष्ठांचं नाव त्यांनी आम्हाला कधीही सांगितलं नाही.

आता गंमत बघा. इंग्रजीतसुद्धा ‘नोटोरियस’चा अर्थ मुळात तेवढाच होता. सोळाव्या शतकात हा शब्द लॅटिनमधून इंग्रजीत आला तो ‘उघड, सर्वांना माहीत असलेला’ या अर्थानेच. पुढे चोर, लबाड, दरोडेखोर अशांच्या आधी तो वारंवार बसू लागला आणि संगतीने बिघडला. म्हणजे आजोबा काय किंवा तो सत्तरीचा मुलगा काय, चुकले ते फार तर तीन-चारशे वर्षांनी!

तर इंग्रजीतले हे ‘भारी’ शब्द आले कुठून आणि ते पाठ करायची पाळी माणसांवर कधीपासून आली, याच्या मागे काही दिवस लागलो होतो. कला शाखेत असताना थोडं वाचलेलं, थोडं नव्याने. आणि या वाटेवर अगदी पहिल्याच वळणावर भेटला तो एक नोकरीचा अर्ज. त्याच्याकडे जाण्याआधी थोडी पार्श्वभूमी सांगतो.

१०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि पुढची दोन-तीनशे वर्षं राजाची, दरबाराची आणि कोर्टाची भाषा फ्रेंच झाली. चर्चची आणि विद्वानांची लॅटिन होतीच. इंग्रजी उरली शेतात आणि स्वयंपाकघरात. १३६२ साली कायदा झाला की कोर्टातली कामं आता इंग्रजीत चालवावीत, कारण लोकांना फ्रेंच समजत नाही. आणि हा कायदा लिहिला कोणत्या भाषेत? फ्रेंचमध्ये! सरकारी कामाचा अनुभव असलेल्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही.

या सगळ्यामुळे इंग्रजीत एकाच गोष्टीला तीन-तीन शब्द झाले. ‘किंगली’ घरचा, ‘रॉयल’ फ्रेंचकडून आलेला, ‘रीगल’ लॅटिनचा. ‘आस्क’, ‘क्वेश्चन’, ‘इंटरॉगेट’. जसजसं वर जावं तसतसा शब्द लांब आणि थंड होत जातो. आपल्याकडेही आहेच की, जेवण आणि भोजन. जेवायला घरी बोलावतात, भोजन समारंभात असतं.

मग १४७६ मध्ये कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना आणला, ग्रीक-लॅटिन ग्रंथांची भाषांतरं सुरू झाली आणि सोळाव्या शतकात लॅटिन शब्दांचा अक्षरशः पूर आला. ज्याला लॅटिन येई तो कुठलाही लॅटिन शब्द उचलायचा, त्याला इंग्रजी शेपूट लावायचा आणि वाक्यात बसवायचा. अशा शब्दांना टीकाकारांनी नाव दिलं होतं ‘इंकहॉर्न टर्म्स’. इंकहॉर्न म्हणजे शिंगाची दौत. लिहिणाऱ्याच्या दौतीतून निघालेले शब्द, माणसाच्या तोंडातून न निघालेले.

या वादात १५५३ साली थॉमस विल्सन नावाच्या माणसाचं वक्तृत्वकलेवर पुस्तक आलं आणि त्यात हा अर्ज आहे. लिंकनशायर परगण्यातल्या एका माणसाला चर्चमधली एक रिकामी जागा हवी आहे, म्हणून तो एका बड्या गृहस्थाला वशिल्यासाठी पत्र लिहितो. त्यात एकही सरळ शब्द नाही. समोरच्याची स्तुती करताना त्याने लॅटिनच्या जेवढ्या म्हणून गोण्या होत्या तेवढ्या ओतल्या आहेत. विल्सन म्हणतो, हे असलं कुणाला कळणार? हे पत्र खरोखर आलेलं होतं की विल्सनने हसवण्यासाठी रचलं, यावर वाद आहे. बहुधा रचलंच असावं.

पण त्या पत्रातले शब्द पाहा. ‘सेलिब्रेट’, ‘एक्स्टॉल’, ‘डेक्स्टेरिटी’, ‘कपॅसिटी’, ‘क्लेमन्सी’, ‘मंडेन’. ज्यांची टिंगल चालली होती ते हे शब्द! यातला ‘सेलिब्रेट’ आज आमच्या गल्लीतला पाच वर्षांचा पोरगा वाढदिवसाला वापरतो. त्याच पत्रातला ‘ऑब्टेस्टेट’ मात्र मेला, ‘इंजंट’ही गेला. कोणता शब्द टिकणार आणि कोणता हास्यास्पद ठरून संपणार हे त्या दिवशी हसणाऱ्यांपैकी कुणालाही सांगता आलं नसतं. आणखी एक बारीक गोष्ट. विल्सन स्वतः लिंकनशायरचाच. आपल्याच मुलखातल्या माणसाला त्याने हसायला उभं केलं, आणि स्वतः पुढे १५७७ मध्ये एलिझाबेथ राणीचा सचिव झाला. माणूस मोठ्या पदावर चढला की आपल्या गावच्या अर्जांना हसतो, ही रीत बरीच जुनी दिसते.

दुसऱ्या बाजूला शुद्धीवाले होते. केंब्रिजचे सर जॉन चीक यांना इंग्रजीत परका शब्दच नको होता. त्यांनी मॅथ्यूच्या शुभवर्तमानाचं भाषांतर करायला घेतलं आणि ‘सेंच्युरियन’ऐवजी ‘हंड्रेडर’, ‘रिझरेक्शन’ऐवजी ‘गेनरायझिंग’ असे घरगुती शब्द घडवले. राल्फ लीव्हर नावाच्या एकाने १५७३ मध्ये ‘लॉजिक’ला ‘विटक्राफ्ट’ म्हटलं. ऐकायला छान आहेत, पण चालले नाहीत. मराठी वाचकाला इथे राज्यव्यवहारकोश आठवल्याशिवाय राहणार नाही. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमाराला शिवाजी महाराजांनी दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द करवून घेतले. मुजुमदाराचे अमात्य झाले, सुरनिसाचे सचिव झाले. ते काम मोठंच होतं आणि त्यातले कित्येक शब्द आजही राज्यकारभारात आहेत. पण कारकून, दप्तर, हजेरी, शिल्लक, मामलेदार हेही आहेत. मी हे सगळं ज्यावरून लिहायला बसलो तो ‘अर्ज’सुद्धा अरबीच.

या वादाचा निकाल पंडितांनी नाही लावला. तो लावला एका नोकरी गेलेल्या मास्तराने.

रॉबर्ट कॉड्री हा आधी शाळामास्तर, मग पाद्री. चर्चने ठरवून दिलेल्या उपासनापद्धतीशी त्याचं जमेना, म्हणून त्याची पाद्रीपणाची वृत्ती काढून घेतली गेली. म्हातारपणी, १६०४ साली, लंडनमध्ये शाळा चालवणाऱ्या आपल्या मुलाच्या, थॉमसच्या मदतीने त्याने एक छोटंसं पुस्तक काढलं, ‘अ टेबल आल्फाबेटिकल’. इंग्रजी शब्दांचे अर्थ इंग्रजीतच देणारा हा पहिला कोश मानतात. शब्द जेमतेम अडीच हजार, नेमके सांगायचे तर २५४३. आणि हे सगळे शब्द कठीणच. पाणी, भाकरी, घर हे त्यात नाही. ते सगळ्यांना येतंच, त्याचा अर्थ कशाला द्यायचा, असा साधा विचार. अर्थही एका-दोन शब्दांत, झटकन सांगितलेले. फ्रेंचमधून आलेल्या शब्दाला एक खूण, ग्रीकमधून आलेल्याला दुसरी. त्याने बरेच शब्द १५९६ साली आलेल्या एडमंड कूटच्या शालेय पुस्तकातून उचलले होते, पण ते त्या काळात चालायचंच.

कोश कुणासाठी, ते त्याने मुखपृष्ठावरच सांगून टाकलं आहे. बायकांसाठी आणि ज्यांना फारसं शिकायला मिळालं नाही अशा इतरांसाठी. प्रवचनात, बायबलमध्ये हे लोक जे शब्द ऐकतात आणि ज्यांच्यापाशी अडतात, ते त्यांना कळावेत म्हणून. मुलींना त्या काळी लॅटिन शाळेत पाठवत नसत. ज्याला लॅटिन येतं त्याला हे शब्द आपोआप उलगडतात, आणि ज्याला येत नाही त्याच्यासाठी ते कुलूपबंद. कॉड्रीने किल्ली केली. मला सगळ्यांत आवडली ती त्याची प्रस्तावना. अक्षरक्रमाने शब्द कसा शोधायचा हे तो समजावून सांगतो. शब्द ‘ए’ने सुरू होत असेल तर पुस्तकाच्या सुरुवातीला पाहा, ‘व्ही’ने होत असेल तर शेवटाकडे पाहा. आज हे वाचताना हसू येईल. पण ज्याने कधी कोश पाहिलाच नाही त्याला हे कुणीतरी सांगायला हवंच होतं. विद्वानाला हे सुचलं नसतं, शाळामास्तराला सुचलं. या पुस्तकाच्या पहिल्या आवृत्तीची एकच प्रत जगात उरली आहे, ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात.

कॉड्रीनंतर एकोणीस वर्षांतच या धंद्याने दुसरं वळण घेतलं. १६२३ मध्ये हेन्री कॉकरमचा कोश आला, त्याच्या नावातच ‘डिक्शनरी’ हा शब्द. पहिल्या भागात कठीण शब्द आणि त्यांचे सोपे अर्थ. दुसऱ्या भागात बरोबर उलटं. सोपा शब्द द्यायचा आणि त्याच्यापुढे भारदस्त शब्द, म्हणजे तुमचं साधं बोलणं भरजरी करून घेता येईल. त्यातले कित्येक भारदस्त शब्द कुणी कधी वापरलेलेच नव्हते, लॅटिन कोशातून नुसते शेपूट लावून आणलेले. कॉड्री तुम्हाला दुसऱ्याचं बोलणं समजावं म्हणून शब्द देत होता. कॉकरम तुम्ही दुसऱ्याला भारी वाटावं म्हणून. इंग्रजी शब्दसंपत्ती वाढवण्याचं पुस्तक हाती आलं की मी आता आधी हेच बघतो, हा कॉड्रीचा वंशज की कॉकरमचा.

हे उसने दागिने घालून फिरणाऱ्यांची टिंगलही लगेच सुरू झालीच. शेरिडनच्या १७७५ सालच्या ‘द रायव्हल्स’ नाटकातल्या मिसेस मॅलाप्रॉप बाई भारी शब्द वापरायला जातात आणि दर वेळी शेजारचा भलताच शब्द उचलतात. त्यांच्या नावावरून इंग्रजीत अशा चुकीला ‘मॅलाप्रॉपिझम’ म्हणू लागले. सगळं थिएटर त्या बाईला हसत आलं आहे. पण जिच्यासाठी कॉड्रीने कोश केला ती बाई हीच ना? तिला कुणी लॅटिन शाळेत घातलं असतं तर ती चुकली नसती.

आता आपल्याकडे येऊ. १८३५ चा मेकॉलेचा खलिता सगळ्यांना ठाऊक असतो. पण माझ्यासारख्या कारकुनाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचं साल १८४४. त्या वर्षी गव्हर्नर जनरल हार्डिंगने ठरवलं की सरकारी नोकऱ्यांत इंग्रजी शिकलेल्यांना प्राधान्य द्यायचं. म्हणजे आता इंग्रजी शब्दाला भाव आला, रोख भाव. तोवर मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला होता, आणि इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडीने १८४७ मध्ये पुरा केला. हे प्रचंड ग्रंथ साहेबांच्या सोयीसाठी होते. शाळकरी पोराला परवडेल, उचलता येईल असं काही हवं होतं. ते काम बेळगावच्या बाबा पदमनजींनी केलं. ‘यमुनापर्यटन’वाले म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण मोल्सवर्थच्या कोशाची त्यांनी १८६३ मध्ये केलेली आटोपशीर आवृत्ती पुढे कितीतरी वर्षं विद्यार्थ्यांच्या हातात होती.

या मुलांनी इंग्रजी शिकायचं कुठून? शेजारीपाजारी कुणी बोलणारं नाही. साहेब भेटला तर हुकूम देणार, गप्पा मारणार नाही. उरली पुस्तकं. आणि पुस्तकं कोणाची, तर मिल्टनची, ॲडिसनची, बर्कची, डॉक्टर जॉन्सनची. जॉन्सनच्या इंग्रजीइतकी लॅटिनने जडावलेली इंग्रजी शोधून सापडणार नाही. त्याचं ‘रासेलस’ कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणायला घेतलं आणि विष्णुशास्त्र्यांनी पुरं केलं. निबंधमालेत विष्णुशास्त्र्यांनी जॉन्सनवर लांबलचक लिहिलं आहे. आपल्या मराठी निबंधाच्या त्या भारदस्त, लांब पल्ल्याच्या वाक्यांत जॉन्सनचा आवाज ऐकू येतो तो काही योगायोग नव्हे.

तेव्हा कारकुनाच्या नोकरीसाठी अर्ज लिहिणाऱ्या पोराला ‘आय रिक्वेस्ट’ कसं पुरावं? तो ‘सप्लिकेट’च करणार. जे पुस्तकात वाचलं तेच लिहिणार. यावर साहेब लोक पोट धरधरून हसले. ‘बाबू इंग्लिश’ हा शब्दच त्यांनी काढला. १८७३ साली कलकत्त्यात मोहिंद्रनाथ मुखर्जी नावाच्या गृहस्थाने आपले दिवंगत काका, हायकोर्टाचे न्यायमूर्ती अनुकूलचंद्र मुखर्जी यांचं चरित्र इंग्रजीत लिहिलं. काकांवरच्या मायेपोटी त्याने आपल्याला येत होते तेवढे सगळे शब्द आणि वाक्प्रचार त्यात घातले. साहेबांनी ते विनोदी पुस्तक म्हणून वाचलं. १८९१ मध्ये आर्नल्ड राइटने बाबू इंग्रजीचे नमुने गोळा करून पुस्तकच काढलं, आणि १८९७ मध्ये एफ. ॲन्स्टीचे ‘बाबू जबर्जी, बी.ए.’ आले. विल्सनने लिंकनशायरच्या माणसाची थट्टा केली त्याला तेव्हा साडेतीनशे वर्षं होत आली होती.

यातली मेख अशी की हे शब्द त्या पोरांना कुणी शिकवले होते? साहेबांच्याच अभ्यासक्रमाने.

विसाव्या शतकात हा धंदा अमेरिकेत गेला आणि तिथे त्याला आकडे चिकटले. जॉन्सन ओ’कॉनर नावाचा एक माणूस कारखान्यातल्या कामगारांच्या आणि अधिकाऱ्यांच्या चाचण्या घेत असे. त्याला आढळलं की ज्यांना शब्दांचे अर्थ जास्त येतात ते कंपन्यांत वरच्या जागी असतात. फेब्रुवारी १९३४ च्या ‘अटलांटिक मंथली’त त्याचा ‘व्होकॅब्युलरी अँड सक्सेस’ हा लेख आला. शब्दांमुळे माणूस वर चढला, की वरच्या घरात जन्मल्यामुळे शब्द आले, हा प्रश्न कुणी फारसा विचारला नाही. विचारला असता तर पुढची पुस्तकं खपली नसती. विल्फ्रेड फंकने, हा ‘फंक अँड वॅग्नॉल्स’ कोशवाल्या फंकचा मुलगा, १९४५ पासून ‘रीडर्स डायजेस्ट’मध्ये शब्दांचं सदर सुरू केलं. त्याच्या नावातच शब्दसंपत्ती वाढवणं ‘परवडतं’, म्हणजे त्याचे पैसे मिळतात, असं स्पष्ट सुचवलेलं. १९५४ पासून डायजेस्टची भारतीय आवृत्ती निघू लागली आणि आपल्याकडच्या कितीतरी घरांत, दवाखान्यांत, केशकर्तनालयांत ते सदर पेन्सिलीने सोडवलं गेलं.

आणि मग १९४९ चं नॉर्मन लुईसचं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’. हे पुस्तक न पाहिलेला पदवीधर भारतात मिळणं कठीण. मी माझी प्रत फुटपाथवर घेतली होती, चाचण्यांची उत्तरं कुणीतरी आधीच भरलेली. त्यातले अर्ध्याहून अधिक शब्द चुकले होते, त्यामुळे फार धीर आला. पुस्तकाची पद्धत मात्र खरोखर चांगली आहे. सुटे शब्द पाठ करायला सांगत नाही, मूळ धरायला सांगतो. ‘लोक्वी’ म्हणजे लॅटिनमध्ये बोलणे. मग ‘लोक्वेशस’, ‘एलोक्वंट’, ‘सॉलिलोक्वी’ ही सगळी भावंडं. आपल्याला ही पद्धत नवी नाही. ‘हृ’ धातूला उपसर्ग लावत जा, आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार. संस्कृतचा तास मन लावून ऐकलेल्याला लुईस सोपा जातो, आणि ‘अॅग्नॉस्टिक’ मधला ‘ग्नो’ आपल्या ‘ज्ञा’चा सख्खा नातेवाईक आहे हे कळलं की तो शब्द पुन्हा विसरत नाही.

माझ्या मते लुईस निम्मा कॉड्री आणि निम्मा कॉकरम आहे.

त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, १९४८ मध्ये, लंडनला सरकारी छापखान्यातून एक पुस्तिका निघाली होती, ‘प्लेन वर्ड्स’. लिहिणारे सर अर्नेस्ट गॉवर्स, स्वतः जुने सनदी अधिकारी. ब्रिटिश अर्थखात्याने त्यांना विनंती केली की आमच्या कारकुनांना आणि अधिकाऱ्यांना साधं लिहायला शिकवा, लोकांना आमची पत्रं कळत नाहीत. गॉवर्सनी सांगितलं, ओळखीचा शब्द घ्या, छोटा घ्या, नेमका घ्या. म्हणजे बघा, ज्या वर्षांत आपल्याकडचा होतकरू माणूस ‘कमेन्स’, ‘टर्मिनेट’, ‘अॅक्वीएस’ घोकायला लागला, त्याच वर्षांत साहेब आपल्या घरी ते शब्द अडगळीत टाकत होता! ज्यांच्या फॅशनची आपण नक्कल करतो त्यांनी ती कधीच सोडलेली असते. परीक्षांचंही तसंच. अमेरिकेच्या एसएटीमधून विरुद्धार्थी शब्द १९९४ मध्ये गेले, जीआरईमधून २०११ मध्ये. आपल्याकडच्या नोकरीच्या स्पर्धा परीक्षांतून समानार्थी, विरुद्धार्थी आणि ‘एका शब्दात सांगा’ काही गेलेलं नाही. माझी भाची सध्या त्याच याद्या पाठ करते आहे. “मामा, ‘पुसिलॅनिमस’ कधी वापरलास का रे?” असं तिने विचारलं. पंचवीस वर्षांच्या नोकरीत एकदाही नाही.

पण आजोबांना तो शब्द पाठ करावा लागला नसता. त्यांच्या वहीची खरी मौज इथे आहे. पोर्तुगेज ही लॅटिनची लेक. तेव्हा ‘पुसिलॅनिमस’ त्यांना ‘पुझिलानिमी’ म्हणून घरचाच. ‘टॅसिटर्न’ म्हणजे ‘तासितुर्नु’, ‘पर्स्पिकेशस’ म्हणजे ‘पेर्स्पिकाझ’. लंडनच्या बायकांना ज्यासाठी कॉड्री लागला, भाचीला ज्यासाठी क्लास लागतो, ते शब्द या सेगुंद ग्राव शिकलेल्या कारकुनाला फुकट मिळाले होते. १९६३ मध्ये ‘नवहिंद टाइम्स’ सुरू झाला. त्यातला अग्रलेख त्यांना समजे, पण छोट्या बातम्या अडत. कारण इंग्रजीत त्यांना कठीण जात ते सोपे शब्द. वहीची पानंच्या पानं ‘पुट’ आणि ‘गेट’ने भरली आहेत. ‘पुट ऑफ’, ‘पुट आउट’, ‘पुट डाउन’, ‘पुट अप विथ’. प्रत्येकापुढे आधी पोर्तुगेज अर्थ, मग मराठी, मग ज्या दिवशीच्या पेपरात दिसला ती तारीख. साहेबांनी फायलीवर ‘प्लीज पुट अप’ असा शेरा मारला आणि आजोबांनी ती फाईल उचलून कपाटावर ठेवून दिली, ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेली आहे की ती घडली की रचली हे आता कळायला मार्ग नाही.

आणि भारी शब्दांचा जो फुकट ठेवा होता, त्यानेच त्यांना एकदा दगा दिला. ‘नोतोरियु’ आणि ‘नोटोरियस’. सख्खी भावंडं दिसतात म्हणून विश्वास टाकला.

१९८३ मध्ये ‘ओ हेराल्डो’ हा पोर्तुगेज पेपर इंग्रजी झाला. १९०० पासून चाललेला. त्या दिवशीचं वहीतलं पान कोरं आहे, फक्त तारीख घातलेली. तोवर आजोबा दोन्ही भाषा सारख्याच सफाईने वाचत होते, त्यामुळे त्यांची अडचण अशी काही नव्हती.

हे सगळं डोक्यात घेऊन मी आठवड्याने तो अर्ज पुन्हा काढला. तोपर्यंत तो आमच्या मजल्यावर बराच गाजला होता आणि मग एका ट्रेमध्ये पडून होता. आवक क्रमांक घातलेला, कार्यवाही शून्य. या वेळी पहिला परिच्छेद सोडून पुढे वाचत गेलो. दुसऱ्यात वडिलांची माहिती, तिसऱ्यात आईचं आजारपण. चौथ्यात एकही भारी शब्द नव्हता. त्याचं म्हणणं इतकंच होतं की वडिलांची रुजू झाल्याची तारीख तुमच्या तक्त्यात एक वर्षाने पुढे लागली आहे, त्यामुळे सलग सात वर्षांची नोकरी भरत नाही असं धरून तेव्हाच्या नियमाप्रमाणे मिळायचं वाढीव दराचं निवृत्तिवेतन आईला नाकारलं गेलं. सोबत नेमणुकीच्या आदेशाची प्रत जोडलेली होती.

ज्यांनी ज्यांनी तो अर्ज वाचून हसून घेतलं, त्यांच्यापैकी कुणीही चौथ्या परिच्छेदापर्यंत पोचलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

कपाटातून सेवापुस्तक काढलं आणि पहिलं पान उघडलं. तारीख त्या मुलाचीच बरोबर होती. त्याच दिवशी टिपण लिहिलं, सोप्या इंग्रजीत, आणि फाईल पुट अप केली.